केर नावाचा फोल्डर

नवा कॉम्प्युटर घरात येऊन तीन दिवस झाले होते. मी जेवणाच्या टेबलावर आठवीचे पेपर तपासत बसले होते आणि बाबा आतल्या खोलीत नव्या कॉम्प्युटरसमोर. बराच वेळ आतून माऊसची टिकटिक ऐकू येत होती. मग ती थांबली आणि बाबा दारात येऊन उभे राहिले.

“म्हजो केर खंय गेलो?” त्यांनी विचारलं.

मी मान वर न करता सांगितलं, की केर नावाचा तो फोल्डर मी घेतलाच नाही, जुन्या मशीनबरोबर गेला. केर तो केर, तो नव्या घरात कशाला न्यायचा, असंही वर म्हटलं आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले. शिक्षकांना ही खोड असते. वर्गात कुणी हसो न हसो, आपण हसून घ्यायचं.

काही आवाज आला नाही म्हणून मी वर पाहिलं. बाबा चौकट धरून हळूहळू खाली चालले होते. गुडघे गेल्यापासून ते जमिनीवर बसत नव्हते, देवळातसुद्धा त्यांच्यासाठी खुर्ची ठेवत. ते उंबऱ्यावर बसले. मला वाटलं, चक्कर आली. मी लाल पेन टाकून धावले, पाणी आणलं. त्यांनी पेला हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

“तातूंत तुजी आवय आशिल्ली,” ते म्हणाले.

आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्यात तुझी आई होती, म्हणजे काय होतं, हे मला क्षणभर कळलंच नाही. फोटो असतील असं वाटलं. फोटो तर मी सगळे घेतले होते, वर्षांप्रमाणे लावून घेतले होते. मी तसं सांगितलं. बाबांनी मान हलवली आणि स्वतःच्या गळ्याला हात लावला. आवाज, असं त्यांना म्हणायचं होतं. मी त्यांच्याशेजारी उंबऱ्यावरच बसले. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, पण त्या दिवशी आम्ही बापलेक बराच वेळ तिथेच होतो.

ते काय घडलं होतं ते नीट सांगायला हवं.

जुना कॉम्प्युटर बाबा निवृत्त झाले तेव्हा घेतला होता. बाबांनी सारी नोकरी पाळी गावातल्या एका खाणीच्या कचेरीत केली. शेवटची काही वर्षं तिथे कॉम्प्युटर आले आणि साहेब लोक घाबरून लांब बसायचे तेव्हा बाबांनी ते शिकून घेतलं. त्यामुळे घरी मशीन आलं ते त्यांच्यासाठी. पण मी मराठीची शिक्षिका, माझ्या प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाची भाषणं, सहलींचे फोटो असं करत करत निम्म्याहून अधिक मशीन मी बळकावलं. सकाळी मी शाळेत गेल्यावर बाबा त्यावर बसत. दुपारनंतर ते माझं. सुट्टीच्या दिवशी मी घरी असले तर ते कानाला हेडफोन लावून बसायचे. मला वाटायचं, भजनं ऐकतात. काय ऐकता म्हणून मी एकदाही विचारलं नाही.

मग ते मशीन थकलं. सुरू व्हायला चहा उकळून निवेल एवढा वेळ घ्यायचं. म्हापशाच्या एका दुकानदाराने जुनं आणलं तर नव्यावर थोडी सूट देतो म्हणून सांगितलं आणि मी लगेच हो म्हटलं. फायली हलवायचं काम मी स्वतःच केलं. बाबांना हात लावू दिला नाही. तुमचं त्यात काही आहे का, हे त्यांना विचारायचं राहून गेलं असं मी पुढे कित्येकांना सांगितलं, पण ते खोटं आहे. विचारावंसं मला वाटलंच नाही.

दुपारी बाबा आडवे झाले होते तेव्हा मी बसले. माझ्याकडे पेनड्राईव्ह एकच आणि तोही लहान. माझे सगळे फोल्डर गेले, फोटो गेले, आणि मग तो दिसला. रोमन अक्षरांत लिहिलेलं, केर. उघडून पाहिलं तर आत साठ-सत्तर फायली आणि त्यांची नावं एकाहून एक. कोंडो. शेण. माती. फुटकें मडकें. जुनी व्हाण. सगळ्या मिळून जागा मात्र एवढी खात होत्या, की पेनड्राईव्हवर मावेनात. मी मनात म्हटलं, बाबांनी निवृत्तीनंतर हेच केलं वाटतं, कचरा जमवला आणि वर त्याला प्रामाणिकपणे कचरा असं नावही दिलं. एकही फाईल उघडली नाही. दुसऱ्या दिवशी मशीन टॅक्सीत घालून म्हापशाला पोचवलं.

आता जे सांगते त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. बाबांच्या आधी आजीची तीन मुलं गेली होती. चौथं जगावं म्हणून बाबांना जन्मल्यावर आमोणे गावच्या घरामागच्या उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचललं, आणि आजीने तिला पसाभर तांदूळ देऊन आपलंच मूल परत घेतलं. नावही ठेवलं ते कचऱ्याचंच. देवाला वाटावं, हे टाकाऊ दिसतं, हे कशाला न्यायचं. तेच नाव शाळेच्या दाखल्यावर, तेच खाणीच्या ओळखपत्रावर. हे मला लहानपणापासून माहीत होतं. वर्गात म्हणी आणि चालीरीती शिकवताना मी हे उदाहरण मोठ्या ऐटीत द्यायचे. आणि त्याच माणसाने आपल्या जिवापाड जपलेल्या वस्तूला केर असं नाव दिलेलं पाहून मला काही म्हणजे काही सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

उंबऱ्यावर बसून बाबांनी सांगितलं ते एवढंच. आई आजारी पडायच्या आधीपासून, मी शाळेत गेले की ती भाजी घेऊन कॉम्प्युटरपाशी बसायची. बाबांनी एक छोटा माईक आणला होता. ती बोलायची आणि बाबा ते भरून ठेवायचे. माहेरच्या गोष्टी, गाणी, शेजारणींच्या भानगडी, काहीही. मी विचारलं, मग मला कधीच कसं सांगितलं नाही. ते म्हणाले, “बऱ्या वस्तूक बरें नांव दिल्यार दिश्ट पडटा.” चांगल्या वस्तूला चांगलं नाव दिलं, की दृष्ट लागते. हे फोल्डरच्या नावाचं उत्तर होतं, माझ्या प्रश्नाचं नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा मी धाय मोकलून रडत होते.

मी दुकानात फोन लावला. दुकानदार सावंतवाडीकडचा, म्हापशात जन्म काढलेला. त्याने शांतपणे सांगितलं, की मशीन त्याच संध्याकाळी पुसून, नवीन सगळं घालून तयार ठेवलं आहे, आणि उद्या एक गिऱ्हाईक ते न्यायला येणार आहे. मी त्याला म्हटलं, ते मशीन कुणाला दिलंत तर मी तुमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसेन. मी अशी बोलते. आवाज चढला तर रस्त्यापलीकडे ऐकू जातो, असं मुलं म्हणतात. तो म्हणाला, “टीचर, तुमी या. पण पुसलेलां सगळां गावात, असां मी सांगणंय नाय.” पुसलेलं सगळं मिळेलच असं मी सांगत नाही.

दुसरा दिवस नेमका शुक्रवार. म्हापशाचा बाजार. डिचोलीहून निघालेली बस बाजाराच्या पिशव्यांनी आणि बायकांनी गच्च भरलेली, त्यात मी हात वर करून उभी. बाबांना बरोबर घेतलं नव्हतं. त्यांनीच नको म्हटलं. “वचूं दी,” म्हणाले, जाऊ दे. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं. पण ते सकाळी उठले, पाववाल्या पोदेराकडून उंडे घेतले, माझा चहा केला, आणि मग नेहमीच्या वेळी आत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसले. सुरू न करता. हेडफोन त्यांनी गुंडाळून खिडकीत ठेवले होते.

दुकानदाराने मशीन उघडून आतली डिस्क काढली आणि दुसऱ्या मशीनला लावली. त्याने मला समजावून सांगितलं. फॉरमॅट केलं म्हणजे सगळं लगेच नाहीसं होत नाही, पण त्यावर नवीन भरलं, की जुनं त्याच्याखाली गाडलं जातं. नवीन जितकं जास्त, तितकं जुनं कमी. मी विचारलं, नवीन किती भरलं. त्याने गिऱ्हाइकासाठी चार-पाच सिनेमेही भरून ठेवले होते. बोनस म्हणून. चूक त्याची नव्हती. त्याला मीच म्हटलं होतं, त्यात आता काही नाही, खुशाल पुसा.

शोधायला आठवडा लागेल असं तो म्हणाला. तो आठवडा मी शाळेत कसा काढला मला आठवत नाही. घरी आम्ही दोघं नेहमीसारखे जेवायचो. मी आईचा आवाज आठवायचा प्रयत्न करत होते. चेहरा आठवायचा, साडी आठवायची, ओल्या नारळाचा वास येणारे हात आठवायचे. आवाज येत नव्हता. ‘जेवायला वाढते’ एवढं वाक्य मला आठवत होतं आणि तेसुद्धा कागदावर लिहिल्यासारखं. तीन वर्षांत मी माझ्या आईचा आवाज विसरले होते, आणि बाबा तो रोज ऐकत होते. हे लक्षात आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद करून तशीच उभी राहिले.

पुढच्या शुक्रवारी दुकानदाराने सांगितलं, की अकरा फायली वर आल्या आहेत. नावं गेली, नुसते नंबर आले. एकेक करून त्याने वाजवून पाहिल्या. पहिलीतून नुसती खरखर. दुसरीतूनही. दहा फायलींतून पाऊस पत्र्यावर पडावा तसा आवाज आला आणि त्याच्या तळाशी कुणी बोलत असावं असं वाटत राहिलं, पण ते माझ्या मनाचेही खेळ असतील. अकरावी वाजली. विळीवर काहीतरी चिरल्याचा आवाज, मग एक बाई म्हणाली, “चालू झालां काय तां?” दुकानदाराने माझ्या तोंडाकडे पाहून ती तिथेच थांबवली. पैसे घेतले नाहीत. मी पेनड्राईव्ह रुमालात बांधून कनवटीला खोचला आणि बस धरली.

घरी आल्यावर बाबांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. एकच मिळाली, म्हणून सांगितलं. ते म्हणाले, पुरे. हेडफोन लावू का, त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं, मलाही ऐकायची आहे. ते म्हणाले, नंतर ऐक ना तू, आधी मी एकटा ऐकतो. मला ते जरा लागलं. माझ्यामुळे गेलं, मी शोधून आणलं, आणि मलाच खोलीबाहेर जायला सांगतात. मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि फाईल सुरू केली.

आई तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांचं सांगत होती. ती पेडण्याकडची, समुद्राच्या अगदी काठची. डिचोलीला आली तेव्हा तिला मासळीचा धक्काच बसला. घरचे लोक कौतुकाने ताजे बांगडे म्हणून जे आणायचे ते पाहून ती मागच्या दारी जाऊन रडायची. “हयचां नुस्तां बस धरून येता,” ती म्हणत होती, “माज्यापरस जादा गांव बगलेलां.” इथली मासळी बसने येते, माझ्यापेक्षा जास्त गावं पाहिलेली. मग तिने सासूची नक्कल केली. बांगड्याचा कल्ला उघडून दाखवणारी सासू आणि तिला घाबरून हो हो म्हणणारी सून, असे दोन्ही आवाज तिने काढले. मागून बाबा हसत होते. मग ती स्वतः हसायला लागली, आणि तिला ते आवरेना. खिडकीला ती जनेल म्हणत होती, खुर्चीला कदेल, आणि भरभर, न अडखळता, एकातून दुसरं काढत बोलत होती.

मी थक्क होऊन ऐकत होते. हा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. माझी आई विनोदी होती, हे मला माहीत नव्हतं. नकला करायची, हे माहीत नव्हतं. आमच्या घरातली आई कमी बोलणारी बाई होती. आमच्या नातेवाइकांतही सगळे म्हणायचे, तुझी आई अबोल हो.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर हसू होतं. मग अचानक त्यांनी माऊसकडे हात नेला.

“पुरो. फुडें कांय ना,” ते म्हणाले.

पुढे काही नाही कसं, अजून मिनिटभर शिल्लक दिसत होतं. मी त्यांचा हात बाजूला केला. एकच तर फाईल उरली होती, तिचा एक क्षणही मी सोडणार नव्हते.

रेकॉर्डिंगमध्ये बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. फाटकाची कडी वाजली. आईचं हसू तुटलं.

“तां आयलां,” ती म्हणाली. “बंद करात.”

आमच्याकडे पोरीला ‘ती’ म्हणत नाहीत, ‘तें’ म्हणतात, आई ‘तां’ म्हणायची. ते तां म्हणजे मी.

बाबा तिला हळू आवाजात म्हणाले, की असू दे, तीही ऐकेल, तिला आवडेल. आई म्हणाली, “नाका. तां म्हणतलां, असां न्हय, तसां म्हण. मगे माका उलवूकच येना.” नको. ती म्हणेल, असं नाही, तसं म्हण. मग मला बोलताच येत नाही.

मी हे करत असे. गोव्यात मराठीला राजभाषा करा म्हणून आंदोलन चाललं होतं त्या दिवसांत मी कॉलेजात होते, घोषणा देऊन घसा बसलेला घेऊन घरी यायचे, आणि घरात पाय टाकल्यापासून सगळ्यांनी नीट मराठी बोलावं असा माझा हट्ट असायचा. बाबांनी तो कधी मानला नाही. आई मानत गेली. जनेल नाही, खिडकी म्हण. कदेल नाही, खुर्ची. आंदोलन संपलं, गोव्याचं राज्य झालं, मी शिक्षिका झाले, आणि सुधारायची सवय तशीच राहिली. वर्गात चाळीस मुलांना सुधारायचे आणि घरी येऊन तिला. प्रेमाने सुधारते आहे, असंच मला वाटायचं.

रेकॉर्डिंग अजून चालू होतं. बाबांना ते बंद करायला जरा उशीर झाला असावा. दार उघडलं आणि माझा आवाज आला, तो रस्त्यापलीकडे ऐकू जाणारा. “आई, खिडकी लाव ना. ट्रकांची सगळी धूळ आत येते आहे.”

“हो, लावते,” एक बाई म्हणाली.

हा आवाज मी लगेच ओळखला. बारीक, सावध, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा. आठवडाभर मी शोधत होते तो आवाज हाच. हो, लावते. हो, आणते. जेवायला वाढते. माझ्या वाट्याला आलेली आई एवढीच होती.

तिथे फाईल संपली. बाबा टेबलाच्या कडेवरून हात फिरवत बसले होते. कधीतरी मी हे ऐकेन याची त्यांना भीती होती, ते नको म्हणून ते हेडफोन, म्हणून ती नावं, म्हणून ते जाऊ दे, हे मला एकदम कळलं. दृष्ट तर होतीच, पण एकट्या देवाची नाही, माझीही.

मी त्यांना विचारलं, की गेलेल्या सगळ्या फायली अशाच, मी घरी आले की संपायच्या का.

खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही, खाणीतही नाही.

“तुजी शाळा दीडाक सुटताली,” ते म्हणाले. तुझी शाळा दीडला सुटायची.